काताई देस का

जपानी मी हौसेनं शिकले नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात होते. जपानी गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर साहेबांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. बाकीच्यांना संसार होता म्हणे. मी बिनलग्नाची, म्हणजे रिकामटेकडी! संध्याकाळी राजारामपुरीत क्लास. सर काही वर्षं जपानात नोकरी करून आलेले, आवाज न चढवता अपमान करण्यात पटाईत.

आमच्या कामात हार्डनेसला फार महत्त्व. मशीननं पोलादी गोळी कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी भागावर, दाबायची आणि पडलेला खड्डा मोजायचा. खड्डा जेवढा लहान, तेवढं कास्टिंग कडक. म्हणून सरांकडे मी पहिल्यांदा मागितला तो हाच शब्द. काताई म्हणजे कडक. शेवटचा ई काढून सा लावला की कातासा, कडकपणा. नुसतं काताई म्हणणं उद्धटपणाचं, पुढं देस लावायचं. प्रश्न असेल तर देस का. हा 'का' आपल्यासारखाच शेवटी येतो, हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

घरी आई आणि मी दोघीच. पाठांतर ऐकायला तीच. चौथी शिकलेली बाई, पण जीभ भारी चपळ. आठवड्याभरात गुळाची ढेप काताई, शिळी भाकरी काताई आणि माझं डोकं तर लई काताई झालं. मला हसू यायचं आणि रागही, कारण देस ती कधीच लावायची नाही. चुकीचं बोललेलं मला खपत नाही. तपासणीवाल्यांचा तो रोगच असतो.

क्लासच्या परीक्षेदिवशी मी दारात चप्पल घालत होते. आई पदराला हात पुसत आली. घरात तिसरं माणूस नसताना तिनं इकडंतिकडं बघितलं, माझा हात धरून पदराखाली डाव्या छातीवर नेला आणि म्हणाली, "ह्ये काताई हाय का बघ की."

बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. खोटं कशाला बोलू, लागलं. आईनं जन्मात स्वतःच्या शरीराबद्दल माझ्याशी चकार शब्द काढला नव्हता. मराठीत जे तिच्या तोंडातून निघालं नसतं, ते तिनं जपानीत विचारलं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त चुकणारी बस दिसत होती आणि तिची चूक.

"'हाय का' न्हवं, आई. 'देस का' म्हणायचं."

तिनं हात सोडला नाही. एकेक अक्षर नीट उच्चारत म्हणाली, "काताई देस का?"

"आत्ता कसं!" म्हणत मी हात सोडवून घेतला आणि पळाले. परीक्षेत पहिली आले.

तिनं पुन्हा विचारलं नाही. आणि मी, देवाशप्पथ, विसरून गेले. सात-आठ महिन्यांनी गाठ लपेनाशी झाली तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी कधीपासून आहे म्हणून विचारलं. मी घसा खाकरला. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "झालं असतील पंधरा दिस. पोरीला बी आजच सांगितलं." पुढच्या वर्षी ती गेली.

जपानी पाहुणे त्यानंतर वर्षानुवर्षं येत राहिले. कास्टिंगवर बोट ठेवून कातासा विचारायचे, मी आकडा सांगायची. माझ्या उच्चारांचं त्यांना कौतुक. मी कमरेत वाकून आभार मानायची, नोकरी होती.

नोकरी सुटली, शब्द सुटला नाही. अजून गूळ फोडायला बसले की मागं कुणीतरी पदराला हात पुसत उभं आहे असं वाटतं. मला भीती वाटते, म्हणून मी वळत नाही. प्रश्न तोच येतो, देससकट, एकही चूक नसलेला. मी बत्ता खाली ठेवते आणि मोठ्यानं सांगते, "व्हय आई, काताई देस. चल, दवाखान्यात जाऊया."