निरक्षरच्या रकान्यात

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळात मी उदगीरला मुसलमान वस्तीतल्या शिक्षणाची पाहणी करत होते. एका घरी पन्नाशीच्या बाईंपुढे मी मराठी मजकुराचा कागद धरला आणि म्हणाले, "वाचून दाखवा."

"मेरेकू ये पढना नै आता," त्या म्हणाल्या.

मी ताबडतोब पाहणीच्या तक्त्यात 'निरक्षर'वर खूण केली. सकाळपासून माझा हात त्या खुणेला सरावला होता. खरं तर उत्तर मी घरातूनच ठरवून निघाले होते.

टँकर चार दिवसांनी यायचा, तरी बाईंनी मला तांब्याभर पाणी दिलं. मग हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र उघडलं आणि पावसाची बातमी शोधत सरसर वाचू लागल्या. मला दाखवायला नव्हे. त्यांचं ते रोजचंच होतं.

तक्त्यात उर्दूसाठी रकानाच नाही, असं मी मनाला बजावलं आणि खूण तशीच ठेवली.

संध्याकाळी नांदेडला घरी आले. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. मराठी ते अक्षर अक्षर लावत वाचायचे, म्हणून आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची. तरी गल्लीत त्यांच्याइतका शिकलेला माणूस नाही, असं आम्ही मिरवायचो.

त्यांनी हातातलं उर्दू वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि कौतुकानं विचारलं, "आज किती बाया शिकलेल्या निघाल्या गं?"

"एकही नाही," मी म्हणाले.