सुंदराबाईंचा आल्टो

आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तिच्या स्मरणाची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, ठेवायचं ठरलं, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलीप ओहोळला एकच साधा प्रश्न विचारला. बाईंचं आवडतं गीत कोणतं? आणि अठ्ठावन्न वर्षं आईबरोबर एकाच छपराखाली काढलेल्या या गृहस्थाला उत्तर देता येईना. आईच्या चहात साखर किती, कोणत्या गुडघ्याला मलम आधी लावायचं, कोणत्या कानाशी बोलायचं, सगळं तोंडपाठ. गीताचं नाव मात्र ठाऊक नाही. ‘सांगतो’ म्हणून तो उठला आणि सानपाड्याला घरी येऊन पंखासुद्धा न लावता बसून राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

आई गात नव्हती असं मुळीच नाही. दिलीपचे वडील एका छापखान्यात रात्रपाळीला होते आणि दिवसा झोपत. भायखळ्याची एकच खोली. सुंदराबाई सकाळची शाळा शिकवून घरी येत तेव्हा वडिलांना नुकताच डोळा लागलेला असे. चर्चच्या गायनवृंदात गाणारी बाई ती, गप्प किती बसणार? तिने ओठ मिटून गुणगुणायची सवय लावून घेतली. पुढे वडील गेले, मायलेक सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आले, दिवसा झोपणारं कुणी उरलं नाही, तरी त्या बाईचे ओठ काही उघडले नाहीत. पोळ्या लाटताना, डाळ निवडताना, तीच एक शब्दांवाचून चाल.

दिलीपचं लग्न व्हायचं राहून गेलं. एका ठिकाणी मुलीकडच्यांनी नाकारलं, दुसऱ्या स्थळाला याने उत्तरच दिलं नाही, आणि तिसरं आणायचं मग कुणाला पडलं होतं. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून. दिवसभर ट्रकांची घरघर ऐकून घरी आला की ती गुणगुण कानावर पडायची आणि दिवस संपल्यासारखा वाटायचा. आता कुलूप उघडलं की फ्रिजचा आवाज येतो.

रविवारी भक्ती झाल्यावर त्याने मंडळीतल्या केयूरला गाठलं. केयूर एरवी कुठल्याशा कंपनीत इंजिनियर, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो आणि सहाजणांचा गायनवृंद सांभाळतो. दिलीपने त्याला बाजूला घेऊन ती चाल गुणगुणून दाखवली. केयूरने दोनदा ऐकली. मोबाइल पुढे धरून त्यालाही ऐकवली. मोबाइलने एक तमिळ सिनेमाचं गाणं सुचवलं.

“काका, राग नका मानू,” केयूर म्हणाला, “पण याला चालच नाहीये. तीन-चार सुरांतच फिरतंय. आंटी असंच काहीतरी गुणगुणत असतील. नोटेशन असेल तर आणा, मी नक्की बसवतो.”

पोरगा सरळ मनाने बोलला होता, पण दिलीपच्या जिव्हारी लागलं. म्हणजे आई एवढी वर्षं काहीच गात नव्हती? की पाच आठवड्यांतच आपण चाल विसरलो? दुसऱ्या शंकेने तर तो घाबराच झाला. आईचं म्हणावं असं तेवढंच त्याच्यापाशी उरलं होतं.

त्याने आईची कागदपत्रं उपसली. बायबलमधले कागद, शाळेची ओळखपत्रं, जुन्या कार्यक्रमपत्रिका. नोटेशन कुठे नव्हतं. फोन नंबरांची एक डायरी मात्र निघाली, आणि तिच्या एका पानावर ‘गायनवृंद’ असं लिहून खाली अकरा नावं. जो माणूस जाईल त्याच्या नावापुढे आई एक छोटा क्रूस काढायची. दहा नावांपुढे क्रूस होते. आईचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं, नाहीतर तो अकरावा क्रूस दिलीपलाच काढावा लागला असता. उरलेली एक होती पुतळाबाई साळवे, पत्ता कळंबोलीचा. वीस वर्षं तो रोज तिच्या इमारतीवरून कामाला जात होता.

चौथा मजला, लिफ्ट नाही. सुनेने दार उघडलं. पुतळाबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, नगरकडची बोली अजून शाबूत. दिलीप ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे ‘सलाम’ म्हणाला आणि कोणाचा कोण ते सांगितलं. सुंदरा गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्या बराच वेळ त्याचा हात धरून बसल्या. मग कशाला आलास म्हणाल्या, तेव्हा त्याने अडखळत ती चाल गुणगुणली.

पुतळाबाईंनी डोळे मिटले. तो अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी पिचक्या आवाजात वरून दुसरंच काहीतरी लावलं, शब्दांसकट. दिलीपला वाटलं म्हातारीचं भान सुटलं. पण दोन्ही आवाज एकमेकांना धरून चालू लागले, आणि ते गीत त्याला ओळखू आलं. प्रत्येक दफनाला मंडळी म्हणते तेच. आईच्या पेटीवर माती टाकताना तो स्वतः उभा राहून हेच तर ऐकत होता. त्याला त्यात आई कुठेच दिसली नव्हती.

“हे गाणं न्हवं रं बाळा,” पुतळाबाई म्हणाल्या. “गाण्याची खालची बाजू हाय ही. आल्टो. मी वरचं म्हनायची, तुझी आई खालचं. एका कागदावर दोघी.”

तो कागदही त्यांनी सुनेकडून काढवून घेतला. सायक्लोस्टाइल केलेला, पिवळा पडलेला, सुरांच्या अक्षरांच्या चार ओळी एकीखाली एक, दर आवाजाची एक. दुसऱ्या ओळीवर पेन्सिलीने आईच्या अक्षरात जागोजाग लिहिलेलं: ‘इथे श्वास’. दिलीपने तो हातात घेतला आणि त्याला रडू आवरलं नाही.

“घरी वरचं कोन धरायचं?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“तू बी नाही?”

त्याने मान हलवली. आपल्याला धरायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. निघण्याआधी दोघांनी ते आणखी तीनदा म्हटलं. जिन्याने उतरताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: आईने अर्धं गाणं गाऊन आयुष्य काढलं, आणि उरलेलं अर्धं रोज तिच्यासमोर पेपर वाचत बसलेलं होतं.

केयूरने कागद उलटसुलट करून पाहिला. ही अक्षरं त्याला लागेनात, पण गीताचं नाव वाचून तो हसला. हे तर सगळ्यांना येतं, कागदाची गरजच नाही. चार आवाजांत मात्र जमणार नाही, तेवढी माणसंच कुठे आहेत? सगळे मिळून चाल म्हणू. दिलीपने कागद घडी करून खिशात ठेवला.

भक्तीला जुईनगरला चर्चने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पाळकसाहेबांनी गीताचं नाव सांगितलं आणि सगळे उभे राहिले. पहिल्या रांगेत दिलीपने तोंड उघडून, शब्दांसकट, आईची ओळ धरली. त्याचा आवाज काही गोड नव्हता, पण तो एकदाही घसरला नाही. मागच्या रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे कळवळून पाहिलं. केयूरने काकांना वाट सापडावी म्हणून कीबोर्डचा आवाज वाढवला आणि चालीचे सूर ठासून वाजवले. दिलीप शेवटच्या कडव्यापर्यंत आपल्या जागेवरून हलला नाही.

नंतर चहा झाला. बँकेतून निवृत्त झालेले चंद्रशेखर काळोखे शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मनाला लावून घेऊ नका, दिलीपराव,” ते हळूच म्हणाले. “अशा वेळी सूर जागेवर राहत नाही. माझ्या आईच्या वेळी माझंही हेच झालं होतं.”

भला माणूस. त्याला काय सांगणार? सूर बरोबर होता हे सांगू शकणारी एक बाई कळंबोलीला चौथ्या मजल्यावर अडकली होती, आणि दुसरीचीच ही भक्ती होती. दिलीप म्हणाला, “हो ना, चुकलंच जरा,” आणि त्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन ठेवायला गेला.