‘बरं वाटतंय’ म्हणणारा प्रशांत

"मॅडम, तुमचं काउन्सेलिंग चाललंय की नुसत्या गप्पा?" मॅनेजर देशमुखांनी फोनवर विचारलं. "प्रशांत काल पुन्हा कॉल अर्धवट टाकून उठला. अमेरिकेतला क्लायंट लाइनवर होता."

मी तेव्हा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठवड्यातून दोन दिवस काउन्सेलर म्हणून जात असे. प्रशांत तिथे टीम लीड होता. वय तेहतीस, राहायला धायरीला. क्लायंटचा कॉल असला की त्याची छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. याला पॅनिक अटॅक म्हणतात. माणूस नाटक करत नसतो. धोका नसतानाही शरीर धोका असल्यासारखं वागतं, एवढंच.

"तो तुम्हाला काय सांगतो ते दोन ओळींत मेल करा," देशमुख म्हणाले.

"ते नाही करता येणार."

"अहो, तुम्हाला बोलावलंय कंपनीनं!"

"म्हणून तो येतो की नाही एवढं कळवीन. आत काय बोलतो ते नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच आम्ही हा नियम मोडतो."

"मग पुढच्या महिन्यात त्याला लीडवरून काढावं लागेल. बघा." फोन बंद.

मला राग आला. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. चार सेशन झाली होती. दर वेळी प्रशांत "खूप बरं वाटतंय, मॅडम" म्हणायचा आणि मी फाइलमध्ये तसं लिहून मोकळी व्हायची.

पाचव्या सेशनला मी सरळ विचारलं, "मी शिकवलेला श्वासाचा व्यायाम करता?"

"हो."

"रोज?"

तो खाली बघायला लागला. "दोन दिवस केला. त्यानं उलट धडधड वाढली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मनापासून शिकवलंत. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी पेन खाली ठेवलं. "क्लायंटनं अशक्य तारीख मागितली तर काय म्हणता?"

"होऊन जाईल म्हणतो. मग टीमला शनिवार-रविवार बोलावतो." आणि स्वतःच पुढे म्हणाला, "आई विचारते, तिलाही सगळं ठीक आहे म्हणतो."

खरं काम त्या दिवशी सुरू झालं. ठरलं असं, की प्रत्येक सेशनची पहिली पाच मिनिटं, मागचं काय जमलं नाही ते त्यानं सांगायचं. श्वासाचा व्यायाम बंद केला. त्याऐवजी पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची. मग रोल प्ले, म्हणजे प्रसंगाची तालीम. मी क्लायंट झाले.

"शुक्रवारी हवंय."

"येस... म्हणजे, बघतो..."

"पुन्हा."

सातव्या खेपेला तो म्हणाला, "शुक्रवारी नाही होणार. आणखी दहा दिवस लागतील." शर्ट पाठीला चिकटला होता. पण तो खुर्चीतून उठला नाही. जाताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार भरभर बोलता." मी ते लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी खरा कॉल आला. प्रशांतनं तारीख नाकारली. क्लायंट भडकला, देशमुखांकडे तक्रार गेली. धडधड झाली, हातही गार पडले. तरी तो शेवटपर्यंत बसून राहिला. देशमुखांनी कुरकुर करत त्याचा प्लॅन पाहिला आणि दहा दिवस मिळवून दिले. लीडपद टिकलं. कंपनी ज्यांना कामासाठी अमेरिकेला पाठवणार होती, त्यांच्या यादीतून मात्र त्याचं नाव गेलं. "चिडलोय मी," त्यानं मला सांगितलं. इतक्या सेशनांत त्याच्या तोंडून हा शब्द एकदाही आला नव्हता.

आता नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, इथे शहाण्यासारखं वागण्याचे मार्क नाहीत. उपाय लागू पडत नसेल तर तोंडावर सांगा. ते आमच्या मनाला फारच लागलं, तर आमच्यासाठीही काउन्सेलर असतात.