विश्वंभररावांच्या ब्रेकची खरखर

श्रीवर्धनात गाडी दोन दिवस उभी राहिली की ब्रेकच्या चकतीवर गंज धरतो. खाऱ्या वाऱ्याला लोखंडाचं भारी प्रेम. पहिले चार ब्रेक खरखरतात, गंज घासून निघतो आणि मग सगळं शांत होतं. हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असतं, आणि विश्वंभररावांना ठाऊक होतं हेच त्यांना नडलं. बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर ते. बिघाड कळला की दुरुस्ती अर्धी झाली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण स्वतःच्या गाडीचा ब्रेक खरखरायला लागला तेव्हा ‘वाऱ्याचा गंज’ म्हणून त्यांनी कानाडोळा केला.

गाडी काही हौसेची नव्हती. पत्नीला, आनंदीबाईंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला माणगावला न्यावं लागे. जाताना एसटी चालून जायची; येताना मात्र त्यांच्या अंगात त्राण नसे. एकदा परतीच्या बसमध्ये उलट्या होऊन त्यांची शुद्ध हरपली होती. त्या दिवसापासून विश्वंभररावांनी एसटीचं नाव टाकलं. बायकोच्या मूत्रपिंडांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. डॉक्टर सांगतील त्याला मान हलवायची, एवढंच. गाडी तेवढी त्यांच्या हातातली होती.

परवा परतताना उतारावर खरखर थांबेचना. पायाखाली थरथर जाणवू लागली.

“कानशीनं घासल्यासारखं वाटतंय हो,” मागच्या सीटवर पडल्या पडल्या आनंदीबाई म्हणाल्या.

गंज असता तर एवढ्यात निघाला असता. दुसऱ्या दिवशी विश्वंभररावांनी मागच्या चाकांना चिरे लावले, जॅक चढवला आणि पुढचं चाक उतरवलं. बाहेरून दिसणारा ब्रेकचा पॅड चांगला जाड होता. दुसऱ्या कुणी तेवढ्यावर समाधान मानून चाक बसवलं असतं. पण धक्क्याच्या भिंतीची मागची बाजू पाहिल्याशिवाय त्यांनी कधी काम पास केलं नव्हतं. दाढीचा आरसा आणून त्यांनी आतला पॅड पाहिला. त्याचं अस्तर पार झिजून नुसता पत्रा उरला होता आणि तो चकती खरवडत होता. पॅड धरणारा सांगाडा ज्या पिनांवर सरकतो त्या खाऱ्या हवेनं अडकल्या होत्या, म्हणून सगळा भार आतल्या पॅडवर येत होता.

असले सुटे भाग इथं कुरिअरनं येत नाहीत, एसटीच्या ड्रायव्हरच्या पायाशी बसून येतात. माणगावच्या दुकानदारानं पाठवलेलं पुडकं दुसऱ्या दिवशी दुपारी येसाजी ड्रायव्हरनं स्टँडवर त्यांच्या हाती दिलं.

“सायेब, घरीच करताय व्हय? ग्यारेज हाय की.”

“हिला ज्या गाडीतनं न्यायचं, तिचा ब्रेक दुसऱ्याच्या हाती कशाला देऊ?” विश्वंभरराव म्हणाले.

दुपारभर ते मातीत गुडघे टेकून बसले. पिना घासल्या, ग्रीस भरलं, सुताराच्या शिकंज्यानं पिस्टन मागे रेटला, दोन्ही चाकांना नवे पॅड घातले. पेडल टणक होईपर्यंत दाबलं आणि गल्लीत एक चक्कर मारली. ब्रेक झकास लागत होता. नव्या पॅडचा हलकासा घासल्याचा आवाज येत होता, पण तो रीतसर होता. चार ब्रेक मारले की पॅड बसतात. सकाळी माणगाव होतंच. ते गुणगुणत अंघोळीला गेले.

आनंदीबाई ओटीवरून दुपारभर बघत होत्या. या वयात या माणसाला आपल्यापायी मातीत लोळावं लागतं, हे त्यांना साहवत नव्हतं. आणि एवढं करूनही आवाज आहेच. नारळाच्या वाडीत जन्म गेलेली बाई ती. झोपाळ्याची कडी कुरकुरली, खोबरेल. विहिरीची कप्पी कुरकुरली, खोबरेल. अडकित्ता अडला, खोबरेल. लांब नळीची तेलाची डबी घेऊन त्या भिंत धरत अंगणात उतरल्या आणि चाकाच्या भोकांतून दोन्ही चकत्यांवर त्यांनी सढळ हातानं तेल सोडलं.

संध्याकाळी विश्वंभररावांनी पुन्हा गाडी काढली. वाडीच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी लोण्यावरून निघाल्यासारखी पुढेच. हँडब्रेक ओढेपर्यंत ती वाडीच्या दगडी कुंपणाला, गडग्याला टेकली. नशीब, बंपरवरच निभावलं. ते उतरले, तर चाकाजवळ तापल्या खोबरेलाचा वास. बिघाड तिथल्या तिथं कळला. दुरुस्ती मात्र अर्धीही झाली नाही, कारण पॅडनं तेल प्यायलं की तो कामातून जातो, आणि नवे पॅड आणू शकणारी माणगावची शेवटची एसटी येऊन गेली होती.

हँडब्रेकवर सरपटत ते घरी आले.

“मी तेल घातलं हो,” आनंदीबाई दारातूनच म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. “आता नाही ना आवाज करत?”

विश्वंभररावांनी गाडीची किल्ली खिशात टाकली.

“नाही,” ते म्हणाले. “अजिबात नाही.”

मग त्यांनी चकत्या पेट्रोलनं पुसल्या, पॅड काढून साबणानं धुतले, काचकागदावर घासले, गॅसवर धरले. उपयोग नाही हे पहिल्याच पुसण्याला कळलं होतं. तरी हात थांबत नव्हते. शेजारच्या हर्षदची गाडी पर्यटक घेऊन दिवेआगरला गेलेली. डायलिसिस तर चुकवता येत नाही.

“गाडीला जरा आराम देऊ,” सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. “उद्या-परवा बघतो.”

बस घाटात शिरली. आनंदीबाई खिडकीशी टेकून बाहेर बघत होत्या. जाताना त्या बऱ्या असत. विश्वंभरराव परतीच्या प्रवासाचा विचार करत होते आणि त्यांना मनातून भीती वाटत होती.

“पाय दुखतोय का हो तुमचा?” आनंदीबाईंनी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. वळण आलं की त्यांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जात होता. “नाही गं,” म्हणत त्यांनी तो मागे घेतला. पुढच्या वळणाला तो पुन्हा पुढे गेला आणि पत्र्यावर दाबून राहिला.