येळवशीला बंद केलेला मेन

नेटबद्दल माझं मत अजून कुणी विचारलेलं न्हाय. लोणच्यात मीठ किती घालायचं अन् पाहुण्याला आहेर काय करायचा, हे घरात मलाच विचारतात. पण नेट मीही वापरते, तेव्हा मत मलाही हाय.

बेंबळीपासून जवळच आमचं गाव. पूर्वी नेट म्हणजे मोबाईल घेऊन गच्चीवर जायचं. पाण्याच्या टाकीपाशी रेंज बरी, जिन्यात थोडी, खाली स्वयंपाकघरात काहीच न्हाय. लेक लातूरला दिलेली. तिचं तोंड बघायचं तर मी टाकीला पाठ लावून उभी राहायची. एकदा नातीनं विचारलं, "आजी, तू टाकीपाशीच राहतीस का?" तेव्हा लेकाला म्हटलं, आता काहीतरी बघ बाबा.

मग वायरवाला आला. खांबाखांबावरनं त्यानं वायर गावात आणलेली. ती गल्लीत घरोघरी वाटायला एक डबा लागतो अन् तो डबा विजेवर चालतो. मला म्हणाला, "काकू, तुमचं घर गल्लीच्या बरोबर मधी हाय. डबा तुमच्या भिंतीला लावतो. लाईट तुमची, अन् तुमाला नेट फुकट." लेकानं लगेच होकार दिला. मधल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या वर डबा बसला. दिवसभर त्याचे हिरवे दिवे लुकलुकायचे. माझी जाऊ बघायला आली अन् म्हणाली, "अक्का, देवघरात लावायचा की. समईचं तेल वाचलं असतं."

वायरीचं नेट मला आवडलं. ते नळासारखं एका जागी असतं. आपण त्याच्यापाशी जायचं, त्याला शोधत फिरायचं न्हाय. टीव्हीचं मात्र मला पटलेलं न्हाय. जेवण करून निवांत बसावं तर तो म्हणतो थांबा, मी नवा होतोय. पंधरा मिनिटं नवा होतो अन् परत तसाच दिसतो. फक्त कालची बटणं कालच्या जागी नसतात. पासवर्डाचंही तसंच. लेकानं एवढा लांबलचक ठेवला की त्याला स्वतःला आठवत न्हाय. शेवटी मी तो कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला. आता येणारा प्रत्येक पाहुणा आधी कॅलेंडर उलटं करतो अन् मग पाणी पितो.

हे झालं माझं मत. आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आमच्या समोरच्या घरची सून सोलापूरची. गणित घेऊन शिकलेली. नवरा पुण्याला कंपनीत, ही इथं सासू-सासऱ्यांपाशी. शिकवायची लई हौस, पण जवळपास जागा न्हाय. एक कंपनी घरबसल्या लहान पोरांना नेटवरनं शिकवायला बायका घेते, तिथं तिनं अर्ज केला. लेखी परीक्षा पास झाली. शेवटी त्यांच्यासमोर एक तास घेऊन दाखवायचा होता. तारीख आली ती नेमकी येळवशीची, दुपारी बाराची. तिनं बदलून मागितली. ते म्हणाले, दुसरी तारीख मिळणार न्हाय.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, आत पूजा मांडायची, पालेभाज्या अन् शेंगांच्या दाण्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, सगळं घरून करून न्यायचं अन् दिवस मावळेपर्यंत रानातच राहायचं. गल्लीत माणूस दिसत न्हाय. दुकानं बंद, चक्की बंद. त्या दिवशी सून घरात थांबणार, ही गोष्ट सासूच्या गळी उतरायला सोपी न्हवती. मी तिथंच बसले होते.

सासू म्हणाली, "मी एक येळवस चुकवली न्हाय. हिच्या नवऱ्याच्या येळंला बाळंतीण होते, तर बाजंसकट बैलगाडीत घालून नेली होती मला."

"आई, दोन वाजेपर्यंत मी शेतात येते की. तासाभराचं तर काम हाय," सून म्हणाली.

सासरे म्हणाले, "राहू दे गं तिला."

सासूनं लसूण सोलता सोलता मान वर केली. "राहू दे. पण हे एकदाच. न्हाय जमलं तर परत नोकरीचं नाव घरात काढायचं न्हाय. वैनी, तुमी साक्षीला हाव बघा."

मी मान हलवली. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. तारीख ठाऊक, वेळ ठाऊक, डबा माझ्याच घरात.

तरी येळवशीला सकाळी काय केलं? भज्जीचं पातेलं फडक्यात बांधलं, आंबिलीची घागर गाडीत ठेवली, खिडक्या लावल्या अन् जाता जाता विजेचा मेन बंद केला. आमच्याकडं सगळेच करतात. अख्खं गाव रिकामं. एखादी वायर पेटली तर विझवायला कोण? म्हणून घराला कुलूप घालायच्या आधी मेन बंद. माझ्या सासूबाई करायच्या, मग मी करायला लागले. त्याच्यात विचार करायचा नसतो. हात आपोआप जातो. मधल्या खोलीतले हिरवे दिवे विझले असणार, पण तिकडं बघायला मी पोत्यांच्या खोलीत कशाला जाते?

शेतात पूजा झाली, निवद झाला. पावणेबाराचा सुमार असंल. हरभऱ्याच्या वाफ्यातनं कुणीतरी आडवं धावत येताना दिसलं. बघते तर समोरची सून. वर इस्त्रीचा निळा कुर्ता, केस चापून बसवलेले, कपाळावर टिकली. खाली घरातली विटकी सलवार, कारण कॅमेऱ्यात कमरेवरचंच दिसतं म्हणे. ती सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"काकू, तुमी मेन बंद केला का?"

"केला की. दर वर्षी करते." म्हटलंही जरा ऐटीतच.

"डबा त्याच्यावरच चालतो, काकू."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या घरी नेट गेल्यावर तिनं वायरवाल्याला फोन लावला होता. तोही त्याच्या शेतात जेवायला बसलेला. त्यानं सांगितलं, काकूंच्या घरचा डबा बंद दिसतोय. ती आमच्या दारात गेली तर कुलूप. मग दीड किलोमीटर धावत आलेली. मोबाईलवर करून बघितलं का विचारलं, तर म्हणाली चित्र येतं अन् गोठतं.

"चावी द्या फक्त."

"चावी देऊन काय उपयोग? मेन कपाटाच्या मागं हाय. आतनं काठी घालून वर उचलावा लागतो. तुला जमायचं न्हाय ते." मी उठले.

येळवशीला रानात आलं की दिवस मावळल्याशिवाय घराकडं परतायचं न्हाय, असं आम्ही पाळतो. जाऊ म्हणाली, "अक्का, निवद झाला अन् तुमी घराकडं निघाला?"

"मी बंद केला, मीच चालू करते."

"मग येताना थोडं नेट घेऊन या. इथं बी रेंज न्हाय."

शेजारच्या बांधावर तिची सासू उभी होती. सगळं बघत होती. तिथनंच ओरडली, "म्हटलं न्हवतं का मी?" सुनेनं तिकडं बघितलं न्हाय.

लेकानं मोटारसायकल काढली. मधी ती, मागं मी एका बाजूला पाय टाकून, मांडीवर तिची बॅग. रस्त्यानं तिचं तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललेलं. मला वाटलं देवाचं नाव घेती. नीट ऐकलं तर शिकवायचा धडा घोकत होती.

घरी पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. काठी घालून मेन उचलला. डब्यात आधी एक लाल दिवा लागला. मग दोन. तो डबा जागा व्हायला माझ्यासारखाच वेळ घेतो. तिला स्वतःच्या घरी जाऊन परत सगळं जोडायला सवड न्हवती. म्हणाली, "काकू, इथंच बसते." मी पोत्यांच्या पुढं खिळ्याला चादर अडकवली. ती पाटावर बसली, लॅपटॉप डब्यावर, म्हणजे पापडाच्या पत्र्याच्या डब्यावर. मला कोपऱ्यात बसवलं अन् खोकायचं न्हाय म्हणून बजावलं.

बारा वाजून चार मिनिटांनी समोर एक गृहस्थ दिसले. मिशीवाले, चष्मा लावलेले.

"उशीर झाला मॅडम."

"हो सर. शेजारच्या घरचा मेन बंद होता. चालू करून आले." खोटं एक अक्षर बोलली न्हाय. मी असते तर निदान वीजमंडळाच्या अंगावर ढकललं असतं.

"ठीक. आता मी सात वर्षांचा आहे असं समजा आणि मला अपूर्णांक शिकवा."

अन् खरंच तो मिशीवाला माणूस बारीक आवाजात "टीचर, मला हे समजत नाही" असं म्हणायला लागला. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

तिनं चित्रं तयार केली होती, पण ती पुढं सरकेनात. तिनं माझ्याकडं बघून हातानं गोल केला. गोल म्हणजे भाकरी, पण येळवशीला घरात भाकरी कुठली? सगळं रानात. मी लॅपटॉपखालच्या डब्याकडं बोट केलं. तिनं एका हातानं लॅपटॉप धरला, मी झाकण काढून एक उडदाचा पापड तिच्या हातात दिला. तिनं तो मोडला. कच्चा पापड तो, वेडेवाकडे तीन तुकडे झाले.

"किती तुकडे झाले?"

"तीन, टीचर."

"मग हा एक तुकडा म्हणजे एक तृतीयांश का?"

"हो, टीचर."

"बरं. मग हा मोठा मी घेते अन् हा बारका तुला. चालेल?"

तो माणूस चष्मा सरकवून पुढं वाकला. मग म्हणाला, "नाही चालणार."

"का रे?"

"सारखे नाहीत."

"शाब्बास. सारखे नसतील तर तृतीयांश म्हणायचं नाही." मग तिनं कागद घेतला अन् घडी घालून सारखे तीन भाग करून दाखवले. मला चौथीत हे कुणी असं सांगितलं असतं तर मी पाचवीत गेले असते.

शेवटी ते एवढंच म्हणाले, कळवू.

आम्ही परत शेतात गेलो. सासूनं विचारलं, "झालं का?"

"तास झाला. पुढचं ठाऊक न्हाय."

"जेव आधी," सासू म्हणाली अन् तिच्या ताटात भज्जी वाढली.

पाचव्या दिवशी कळलं, तिला घेतलं. पण सोबत अटही होती. नेटमुळं दोन तास चुकले तर काम बंद. अट मला वाचून दाखवली तेव्हा वाटलं, ही यंत्रं करणारे अन् ह्या अटी घालणारे, दोघंही घराला कधी कुलूप घालत नसावेत. वीज सदा चालू, माणूस सदा घरात, असंच धरून चालतात.

मी वायरवाल्याला बोलावलं. म्हटलं, डबा समोरच्या घरात हलव.

"काकू, मग तुमचं फुकटचं बंद होईल."

"होऊ दे."

पण सासू तयार होईना. नुकता रंग दिलेल्या भिंतीला भोकं नकोत म्हणाली. मी म्हटलं, "वैनी, डबा माझ्या घरात राहिला तर तुमच्या सुनेची नोकरी माझ्या मेनवर राहती. चालंल तुमाला?"

तिनं भिंतीवर बोटानं जागा दाखवली. मग वायरवाल्याला म्हणाली, "भोकं सरळ पाड."

आता दुपारी चार ते सात सून शिकवती. सासूनं डब्याचं बटण वेगळं काढून घेतलंय अन् त्याच्यावर चिकटपट्टी मारलीय, कुणाचा हात चुकून जाऊ नये म्हणून. काल मी साखर मागायला गेले. ती उंबऱ्यावर गवार मोडत बसलेली. मला बघून तिनं ओठावर बोट ठेवलं.

"वैनी, सातनंतर या. शाळा चालू हाय."

मी वाटी घेऊन परत आले अन् चहा बिनसाखरेचा केला.