फुगायला जागा

राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर सुतार वाळवीचं औषध पाजून सुकवलेल्या फळ्यांचा डेक बांधत होता. कानावरची पेन्सिल काढायची, दोन फळ्यांच्या मध्ये धरायची, मगच स्क्रू पिळायचा. त्या फटी बायकोला खुपल्या. मुलगा-सून वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडणार म्हणून ती आधीच धुमसत होती.

"जरा चिकटून बसवा की!"

पेन्सिल कानावर खोचत तो म्हणाला, "वैनी, लाकूड माणसागत असतंय. पावसाळ्यात फुगणारच. चिकटून बसिवलं तर एकमेकाला उचलून टाकतंय. फुगायला जागा ठिवायची की!"

 बायको पावसाची वाट बघत थांबली नाही. त्याच संध्याकाळी सुनेसाठी शेगडी बघायला तिनं मला गाडी काढायला लावली.