पट्ट्याची गाडी

शिरूरला आमच्या शेजारी राहणारे मामा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. माझ्या मोटरसायकलला साखळीऐवजी पट्टा आहे. मागचं चाक सरळ करायचं असलं, की ते आमच्या अंगणात फतकल मारून बसत. बोल्ट जरासा फिरवायचे, मग हातानं चाक फिरवून पट्टा कुठं सरकतो ते बघत राहायचे.

"घाई करू नगं, लेका. अजून कडंला जातोय बघ."

एका रविवारी मित्रांबरोबर दौंडला निघायचं होतं आणि मामांचं काही संपेना. मी मोबाइल पुढे धरला. "व्हिडिओत दहा मिनिटांत होतं, मामा. जमत नसेल तर राहू द्या."

मित्र हसले. मामांनी पाना माझ्या हातात दिला आणि ते उठून गेले.

चाक मीच आवळलं. दौंडच्या अलीकडे पट्टा कडेनं घासून फाटला, गाडी टेम्पोत घालून आणावी लागली.

नवा पट्टा आला त्या दिवशी मामा न बोलावता आले. तासभर खपून त्यांनी चाक सरळ केलं. मी माफी मागणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बघून घ्या साहेब, बरोबर हाय का."

माफी तोंडातच राहिली. अजूनही ते मला साहेबच म्हणतात.